पन्नास गुण कोणालाच मिळत नाहीत

मा. संपादक,
स.न.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'तुमचे मन किती निरोगी?' अशा मथळ्याची चौकट अधूनमधून दिसते. पाच-सात प्रश्न, प्रत्येकासमोर गुण आणि खाली बेरजेनुसार निकाल: इतक्याच्या वर असाल तर छान, त्याखाली सावध व्हा, आणि तळाला 'तुम्हाला नैराश्य असू शकते'. कार्यालयांत आणि महाविद्यालयांत हाच प्रकार ऑनलाइन फॉर्मच्या रूपाने फिरतो. अशा प्रश्नावल्या भाषांतरित करणे, तपासणे आणि त्यांचे गुण वाचणे हे आमचे रोजचे काम, म्हणून हे पत्र. प्रश्नावलीशी आमचे भांडण नाही. नीट तयार केलेली छोटी प्रश्नावली फार उपयोगी असते आणि तिच्यामागे बरीच मेहनत असते. ती छापताना आणि तिची बेरीज करताना जी घाई होते, तिच्याबद्दल लिहायचे आहे.

उदाहरणादाखल डब्ल्यूएचओ-५ ही मनःस्वास्थ्य मोजणारी पाच प्रश्नांची प्रश्नावली घेऊ, कारण चौकटींमधले प्रश्न बहुधा तिच्यावरूनच उचललेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाच्या कामातून १९९८ मध्ये ती पुढे आली. तिच्या जडणघडणीत डेन्मार्कचे मनोविकारतज्ज्ञ पेर बेक यांचा मोठा वाटा होता. आधी २८ प्रश्न होते, त्यांचे १० झाले, १० चे ५. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळ प्रसन्न वाटले, किती वेळ मन निवांत होते, अंगात उत्साह होता का, झोपेतून उठल्यावर ताजेतवाने वाटले का आणि रोजचे दिवस मन रमेल अशा गोष्टींनी भरलेले होते का, एवढेच ती विचारते. (हे शब्द फक्त अर्थ कळावा म्हणून दिले आहेत. हे अधिकृत भाषांतर नव्हे, कृपया येथून उचलून चौकटीत टाकू नये.) प्रत्येक प्रश्नाला सहा पर्याय असतात: 'सर्व वेळ' ला ५ गुण, तिथपासून उतरत 'कधीच नाही' ला ०.

या पाचांत उदासीबद्दल, रडू येण्याबद्दल, भीतीबद्दल एकही प्रश्न नाही, आणि ते मुद्दामच. चांगले काय आहे हे विचारले की माणूस बिचकत नाही. दुसरा फायदा मोजणाऱ्याचा आहे. केवळ लक्षणे मोजणाऱ्या प्रश्नावलीत जेमतेम बरा असलेला आणि खरोखर मजेत असलेला, दोघांनाही शून्यच मिळते. वरच्या टोकाला त्यांच्यात काही फरकच दिसत नाही. डब्ल्यूएचओ-५ तो फरक दाखवते. त्यामुळे सर्वसाधारण लोकसंख्येच्या पाहणीला ती सोयीची पडते.

आता बेरीज. पाच प्रश्नांचे कच्चे गुण ० ते २५. त्यांना ४ ने गुणले की ० ते १०० ची मोजपट्टी तयार होते. ५० च्या खाली गुण आले तर मनःस्वास्थ्य कमी आहे असे धरतात आणि २८ किंवा त्याखाली आले तर नैराश्याची नीट तपासणी व्हावी असे सुचवतात. 'बरोबर ५० आले तर काय?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर असे की ५० कोणालाच येत नाहीत. कच्चे १२ म्हणजे ४८, कच्चे १३ म्हणजे ५२. मधला आकडा या मोजपट्टीवर नाहीच, कारण ती चार-चारच्या पायऱ्यांनी चढते. 'उंबरठा ५०' म्हणजे प्रत्यक्षात १२ आणि १३ यांच्या मधली फट. एका प्रश्नाला 'निम्म्याहून जास्त वेळ' ऐवजी 'निम्म्याहून कमी वेळ' वर खूण पडली, तर माणूस उंबरठ्याच्या अलीकडून पलीकडे जातो. ४८ वाल्याला सावधानतेचा इशारा आणि ५२ वाल्याला शाबासकी देणारी चौकट याच एका खुणेवर उभी असते.

बेरजेतल्या चुका म्हणजे आमच्या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग, पण सर्वाधिक नुकसान तिथेच होते. ऑनलाइन फॉर्म तयार करताना पर्यायांना आपोआप १ ते ६ असे क्रमांक मिळतात. ते ० ते ५ करायचे राहून गेले की प्रत्येकाच्या कच्च्या बेरजेत फुकटचे ५ आणि अंतिम गुणांत फुकटचे २० मिसळतात. खरे गुण ३६ असलेला माणूस ५६ वर जाऊन बसतो आणि सुखरूप ठरतो. ही चूक पकडायला सोपी आहे: यादीत कुठेही १०० च्या वरचा आकडा असेल, किंवा २० च्या खालचा एकही नसेल, तर आधी क्रमांक तपासावेत. पर्यायांची दिशा उलटी पडणे हा याचाच भाऊ. कोणी 'कधीच नाही' आधी लिहिले आणि गुण मात्र जुन्याच क्रमाने दिले, की सर्वांत खचलेला माणूस सर्वांत आनंदी निघतो. त्यात पीएचक्यू-९ सारख्या नैराश्याची लक्षणे मोजणाऱ्या प्रश्नावलीत गुण जितके जास्त तितकी स्थिती वाईट, म्हणजे दिशा मुळातच उलटी. दोन्ही एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी छापताना कोणती कुठल्या दिशेने वाचायची हे वर लिहिले नाही, तर वाचक गोंधळणारच.

सुटलेले उत्तर हा आणखी एक खड्डा. समजा, कोणी ३, ४, ३, रिकामे, ४ असे भरले. रिकाम्या जागी शून्य धरले तर बेरीज १४, गुण ५६. उरलेल्या चारांची सरासरी ३.५ रिकाम्या जागी भरली तर बेरीज १७.५, गुण ७०. माणूस तोच, उत्तरे तीच, आणि फरक १४ गुणांचा. आमचे मत असे की प्रश्न पाचच असताना पाचही भरलेले नसतील तर गुण काढूच नयेत. कोणाला काढायचेच असतील तर नियम उत्तरे हाती येण्यापूर्वी ठरवावा आणि निकालासोबत छापावा.

भाषांतर हा विषय आम्हाला सर्वांत जिव्हाळ्याचा, आणि छापणाऱ्यांना सर्वांत किरकोळ वाटणारा. मूळ इंग्रजी वाक्यात बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे कळत नाही. मराठीत 'मी उत्साही होतो' म्हटले की स्त्रिया बाहेर, आणि 'होतो/होते' असा तिरका दांडा टाकला की वाक्य सरकारी अर्जासारखे दिसू लागते. 'मला उत्साही वाटले' अशी रचना केली की दोन्ही कटकटी जातात. 'शांत' हा शब्द निरुपद्रवी दिसतो, पण मराठीत 'तो हल्ली शांत असतो' याचा अर्थ तो गप्प असतो, कदाचित खचलेला आहे, असाही होतो. एकाच प्रश्नाला दोन माणसे दोन विरुद्ध अर्थांनी उत्तरे देतात आणि बेरजेत ते कुठेच दिसत नाही. 'मन निवांत होते' म्हटले की हा घोटाळा बराच कमी होतो.

त्याहून मोठी गडबड पर्यायांत होते. 'कधी कधी, अधूनमधून, बऱ्याचदा, अनेकदा' अशी उतरंड आम्ही छापलेली पाहिली आहे. यात 'कधी कधी' मोठे की 'अधूनमधून'? 'बऱ्याचदा' जास्त की 'अनेकदा'? दहा जणांना क्रम लावायला सांगा, एकमत होणार नाही. मूळ पर्यायांत मधोमध 'निम्मा वेळ' हा खांब रोवलेला आहे तो याचसाठी. 'कधीच नाही, काही वेळ, निम्म्याहून कमी वेळ, निम्म्याहून जास्त वेळ, बहुतेक वेळ, सर्व वेळ' हे कानाला थोडे रुक्ष लागते, पण क्रम मोडत नाही. नकारार्थी वाक्य तर टाळलेलेच बरे. 'मला कंटाळा आला नाही' या वाक्याला 'कधीच नाही' असे उत्तर दिले, तर कंटाळा कधीच आला नाही की सारखा येत होता? वाचणारा दोनदा अडखळतो आणि तिसऱ्यांदा मधल्या पर्यायावर खूण करून सुटतो.

भाषांतराची रीत ठरलेली आहे आणि ती फार खर्चिकही नाही. दोघांनी एकमेकांचे न पाहता मराठी करायचे, मग एकत्र बसून एक मसुदा ठरवायचा. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याने तो मसुदा उलट इंग्रजीत न्यायचा, म्हणजे अर्थ कुठे घसरला ते उघडे पडते. शेवटी निरनिराळ्या वयाच्या आणि शिक्षणाच्या आठ-दहा जणांसमोर तो ठेवून 'हे वाचून तुम्हाला काय समजले, तुमच्या शब्दांत सांगा' असे विचारायचे. ही शेवटची पायरी सर्रास गाळली जाते, आणि 'शांत' सारखे शब्द नेमके तिथेच सापडतात. आधीच तपासलेले भाषांतर उपलब्ध असेल तर तेच जसेच्या तसे वापरावे. एखादा प्रश्न बदलला, सहावा जोडला किंवा 'गेल्या दोन आठवड्यांत' च्या जागी 'हल्ली' घातले, तर ती वेगळी प्रश्नावली झाली. मग ५० आणि २८ या उंबरठ्यांवर तिचा हक्क राहत नाही.

'हल्ली' वरून आठवले. दोन आठवड्यांची मुदत शोभेची नाही. 'हल्ली' म्हणजे कोणाला कालचा दिवस, कोणाला गेले वर्ष. 'आयुष्याबद्दल एकंदर किती समाधानी आहात' हा प्रश्न तर आणखी वेगळे काही मोजतो. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पून आपण कोणत्या पायरीवर आहोत हे सांगण्याची पद्धत मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांच्या नावाने १९६० च्या दशकापासून प्रसिद्ध आहे. देशोदेशींच्या आनंदाच्या क्रमवाऱ्यांमागे हीच शिडी असते. ती माणसाने स्वतःच्या आयुष्याला दिलेला शेरा मोजते. डब्ल्यूएचओ-५ पंधरवड्यातले वाटणे मोजते. मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या सहा अंगांच्या मापनात स्वायत्तता, स्वीकार, जगण्याचे प्रयोजन असे आणखी वेगळेच पाहिले जाते. एखाद्याचा पंधरवडा वाईट जाऊनही तो शिडीवर आठव्या पायरीवर असू शकतो. त्यात विसंगती काहीच नाही. बातमीत मात्र तिन्हींना 'आनंद' हा एकच शब्द मिळतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले तो मुद्दा. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सगळीकडे सारखा शिजला असेल तर. पाच प्रश्नांच्या गुणांत चूक असतेच, आणि ती गटासाठी किती व एकट्या माणसासाठी किती, यात फार अंतर आहे. एक हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या गटात गुणांचे प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेले आहेत त्याचे माप) २० आहे आणि प्रश्नावलीची विश्वसनीयता (गुणांतल्या फरकांपैकी खऱ्या फरकांचा वाटा) ०.८५, म्हणजे चांगलीच. एका माणसाच्या गुणांतली प्रमाण त्रुटी (मोजमापातली नेहमीची चूक) २० गुणिले ०.१५ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ८. तोच माणूस पुन्हा भरेल तेव्हा दोन्ही वेळच्या त्रुटी एकत्र येतात आणि फरकाची त्रुटी ११ होते. हा फरक निव्वळ मोजमापाचा खेळ नाही असे ९५ टक्के खात्रीने म्हणायला सुमारे २१.५ गुणांचा बदल हवा. पायऱ्या चारच्या, म्हणून व्यवहारात २४, कच्चे ६. याउलट १०० जणांच्या गटाच्या सरासरीची त्रुटी अवघी २. म्हणजे गटाची सरासरी ६० वरून ५२ वर आली तर दखल घ्यावी. एकट्या माणसाचे गुण ६० वरून ५२ वर आले तर त्यातून जवळपास काहीच सिद्ध होत नाही.

जाणकार वाचक इथे म्हणतील की या प्रश्नावलीत १० गुणांचा बदल महत्त्वाचा मानतात. खरे आहे. पण १० हा आकडा 'बदल खरा असेल तर तो दखल घेण्याजोगा आहे' एवढेच सांगतो. बदल मुळात खरा आहे का, हे वरचा हिशेब सांगतो. या दोन गोष्टी एकमेकींच्या जागी ठेवल्या की समुपदेशनाच्या दोन भेटींनंतर 'गुण १२ ने वाढले' म्हणून आनंद होतो आणि तिसऱ्या भेटीला ते उतरले की निराशा.

उंबरठ्याखाली आलेल्यांना 'नैराश्यग्रस्त' म्हणणे ही बातम्यांमधली नेहमीची चूक. इथेही हिशेबच बोलू दे. एक हजार लोक घ्या, त्यांत खरोखर नैराश्य असलेले शंभर आहेत असे धरा. प्रश्नावली शंभरांतल्या ८५ जणांना बरोबर पकडते आणि उरलेल्या नऊशेंतल्या ८० टक्क्यांना बरोबर सोडते. चाचणी म्हणून ही कामगिरी चांगली आहे. तरीही नैराश्य नसलेले १८० जण जाळ्यात येतात. एकूण अडकले २६५, त्यांत खरे ८५, म्हणजे साधारण तिघांत एक. बातमी छापली जाते '२६ टक्के लोकांना नैराश्य', आपण धरलेला आकडा होता १० टक्के. उंबरठा हा 'पुढे बोलू या' असे सांगणारा असतो. निदान करायला मुलाखत लागते, आणि ती प्रशिक्षित माणसाने घ्यावी लागते.

कमी गुणांची कारणे मनाबाहेरचीही असतात. पाचांतले दोन प्रश्न उत्साहाचे आणि झोपेचे आहेत. रक्तक्षय, थायरॉइडचा आजार, रात्रपाळी, घरात तान्हे मूल, यांपैकी काहीही असले की त्या दोन प्रश्नांचे गुण घसरतात आणि बेरीजही. म्हणून बेरजेसोबत पाचही उत्तरे सुटी पाहण्याची सवय ठेवावी. १, १, ४, ४, ४ आणि ३, ३, ३, ३, २ यांची बेरीज १४ च, पण दोघांशी करायचे बोलणे वेगळे. बाजूला कोण बसले आहे यानेही उत्तर बदलते. 'काय म्हणता?' ला 'मजेत' म्हणायची आपल्या सगळ्यांना सवय आहे. प्रश्न दुसऱ्याने मोठ्याने वाचून विचारला की तीच सवय फॉर्मवर उतरते. म्हणून पहिली फेरी कागदावर एकांतात आणि दुसरी फोनवर, अशी तुलना करू नये.

संस्थांनी घेतलेल्या पाहण्यांत आणखी एक फसगत हमखास होते. ५० च्या खालचे निवडायचे, त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा उपक्रम घ्यायचा, पुन्हा मोजायचे आणि सरासरी वाढली म्हणून पाठ थोपटून घ्यायची. तळाशी असलेल्यांना निवडले की त्यांत त्या दिवशी योगायोगाने खाली घसरलेलेही असतात. पुढच्या मोजणीत ते काही न करताही वर येतात. उपक्रमाचा परिणाम कोणता आणि या सरकण्याचा कोणता, हे कळायला निवडलेल्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून सहा आठवडे थांबवावे, दोन्ही निम्म्यांची पुन्हा मोजणी करावी आणि फरक पाहावा. मग थांबलेल्यांना उपक्रम द्यावा. आणि फॉर्म किती जणांना दिला, किती परत आले, हे आधी सांगावे. सर्वांत थकलेला माणूस बहुधा फॉर्म भरतच नाही. चार-पाच जणांच्या विभागाची सरासरी तर कधीच जाहीर करू नये. वय आणि विभाग लिहिला की नाव लिहायची गरज उरत नाही, आणि हे एकदा लोकांच्या लक्षात आले की पुढच्या वेळी सगळे ८० च्या वर असतात.

शेवटची विनंती पीएचक्यू-९ छापणाऱ्यांना आहे. नैराश्याच्या लक्षणांची ही नऊ प्रश्नांची यादी मोफत आहे, ० ते २७ गुणांची आहे आणि १० हा तिचा नेहमीचा उंबरठा आहे. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कोणीतरी त्या माणसाशी बोलायला हवे. निनावी ऑनलाइन फॉर्ममध्ये ते उत्तर महिन्याभराने तक्त्यात उघडते. पुरवणीतल्या चौकटीत तर ते कोणीच वाचत नाही. त्यामुळे हा प्रश्न विचारायचा असेल तर उत्तर कोण, कधी वाचणार आणि वाचून काय करणार, हे आधी ठरलेले असावे, आणि मदतवाहिनीचा क्रमांक त्याच पानावर, प्रश्नाशेजारी, वाचता येईल अशा अक्षरांत असावा. एवढी तयारी नसेल तर पीएचक्यू-८ वापरावी. तिच्यात नववा प्रश्न नाही, गुण ० ते २४ आहेत आणि उंबरठा तोच १० चा.

आपले,
मानसमापन क्षेत्रात काम करणारे काही वाचक